जर्नल रुजू, आज्ञावली गैरहजर

विद्यार्थ्याने लिहिलेली आज्ञावली शुद्ध की अशुद्ध याचा निवाडा खुद्द संगणकानेच करावा, असा उतावळा विचार अमेरिकेतल्या रेन्सेलर पॉलिटेक्निक संस्थेत जॅक हॉलिंग्सवर्थ यांना सुचला आणि 1960 साली त्यांनी तो छापूनही टाकला. आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी असा उतावळेपणा केला नाही. यंत्राच्या न्यायबुद्धीवर विसंबण्यापेक्षा दस्तऐवजावर विसंबावे, हा आमच्या दफ्तराचा पुराणा शिरस्ता असल्यामुळे, एम, थिअरी, अल्गोरिदम, प्रोग्राम आणि आउटपुट ही पंचांगे ज्यात सुवाच्य अक्षरात उतरली आहेत, आणि ज्याच्या प्रत्येक प्रयोगाअंती ‘अशा रीतीने आम्ही अमुक गोष्टीचा अभ्यास केला’ असा निष्कर्ष, अभ्यास झालेला असो वा नसो, बिनचूक नोंदलेला आहे, ते जर्नल वेळेत रुजू करणाऱ्यालाच आम्ही प्रोग्रामर मानतो.

लेखी परीक्षेत तर परीक्षक स्वतःच कंपायलरचे काम पाहतात. अर्धविराम विसरल्यास गुण कापला जातो. परंतु कधीच न थांबणारे आवर्तन टापटीप समासात, योग्य इंडेंटसह बसवले असेल, तर ते बहुधा बिनबोभाट उत्तीर्ण होते, कारण कागदावर कोणतेच आवर्तन फिरत नाही. सी-प्लस-प्लसच्या 1998 च्या मानकाने आयओस्ट्रीमच्या नावामागील ‘डॉट एच’ रद्द केले, हे फर्मान टर्बो सीच्या निळ्या पडद्याशी इमान राखणाऱ्या प्रयोगशाळांपर्यंत पोहोचायला काळ लागला. तोवर मानकाबरहुकूम लिहिणाऱ्यावर चुकीचा ठपका येणे क्रमप्राप्तच होते.

व्हायव्हात बहिस्थ परीक्षक पॉइंटरची व्याख्या विचारतात, विद्यार्थी ती पाठ म्हणतो आणि पॉइंटर नेमका कुठे भरकटला हा प्रश्न उभयपक्षी सौजन्याने टाळला जातो. कंपायलर कितीही उद्धट असला तरी कोणत्या ओळीवर अडला एवढे तरी सांगतो. आमचे मूल्यमापन लाल बरोबरची खूण आणि लफ्फेदार दस्तखत यांपलीकडे ब्र काढत नाही, आणि टर्मवर्कचे गुण हाती पडतात तेव्हा दुरुस्तीची मुदत उलटून गेलेली असते.

तेव्हा पालकहो, आपल्या चिरंजीवांचे अथवा कन्येचे जर्नल एकवार उघडून पाहा. दस्तखती मोजू नका, त्या भरपूर असतील. ‘येथे चुकले, असे करून पाहा आणि पुन्हा दाखवा’ असा एखादा शेरा शोधा. तो सापडला, तर त्या मास्तरांना आवर्जून जाऊन भेटा; त्यांनी प्रोग्रामिंग शिकवले आहे.