अडलेली कात : कारणे, उपाय आणि पालकाचा उत्साह

बॉल पायथन हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतला अजगर. अजगर म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येते त्या मानाने तो माफकच असतो. पूर्ण वाढलेली मादी साधारण चार-पाच फुटांची, नर त्याहून लहान. अमेरिका आणि युरोपात पाळल्या जाणाऱ्या सापांत तो फार लोकप्रिय आहे. न्यू जर्सीकडच्या एखाद्या मराठी घरातही, कुत्र्यासाठी हट्ट धरलेल्या मुलाशी झालेली तडजोड म्हणून, तो येऊन राहतो. तो भुंकत नाही, सोफ्यावर केस सांडत नाही आणि आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा जेवतो. इतके सद्गुण घरातल्या इतर कोणत्याही सदस्यात एकत्र आढळत नाहीत. भारतातल्या देशी सापांना मात्र १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याचे संरक्षण असल्याने त्यांना घरात ठेवणे गुन्हा ठरतो. सबब पुढील उपाय परसात आलेल्या धामणीवर करून पाहू नयेत. तिची कात ती स्वतः काढते. सर्पमित्राला कळवले की माणसाची जबाबदारी संपते.

सापाच्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर केराटिनचा असतो आणि तो शरीराबरोबर वाढत नाही. त्याच्याखाली नवा थर तयार झाला की जुना सुटतो. वाढत्या पिल्लांत हे दर चार-सहा आठवड्यांनी घडते, प्रौढांत वर्षातून काही वेळाच. आधी रंग फिका पडतो, मग दोन थरांमध्ये द्रव जमून डोळे दुधी-निळे होतात. काही दिवसांनी ते पुन्हा स्वच्छ दिसू लागतात आणि त्यानंतर साधारण आठवड्याभरात कात निघते. साप खरखरीत वस्तूवर ओठांची कड घासतो, तिथे फट पडते आणि उशीचा अभ्रा उलटा करून काढावा तशी अख्खी कात शेपटीपर्यंत उलगडत जाते.

येथे डोळ्यांविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. नसते तरी सांगितले असते. सापाला उघडझाप करणाऱ्या पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला कायमचा बसलेला असतो, म्हणून साप झोपतोही उघड्या डोळ्यांनीच. या एका शारीरिक वैशिष्ट्यावर पालकांच्या मोठ्या मोठ्या समजुती उभ्या आहेत. गृहस्थ संध्याकाळी ऑफिसातला आपला पराक्रम सांगू लागला, की पत्नीला गॅस बंद केला का ते आठवते, मुलगा कानात काहीतरी घालतो आणि भारतातून फोनवर असलेल्या आईचे नेटवर्क जाते. अजगर मात्र एकटक पाहत राहतो. तो विषय बदलत नाही, “हे मागेच सांगितलं होतंस” म्हणत नाही. असा श्रोता लाभलेला मनुष्य त्याला समजूतदार ठरवल्याशिवाय राहत नाही. “तो मला बरोबर ओळखतो,” हे वाक्य पाहुण्यांसमोर उच्चारणाऱ्यांचा जो वर्ग आहे, प्रस्तुत लेखक त्याचा जुना सभासद आहे. प्राणिशास्त्र या बाबतीत निर्दयी आहे. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणारे खळगे असतात आणि जिभेने टिपलेला गंध तो टाळूतल्या खास इंद्रियाकडे पोहोचवतो. ऑफिसातला पराक्रम त्याच्यापर्यंत पोहोचतो तो असा: समोर काहीतरी मोठे, कोमट आणि खाण्याजोगे नसलेले आहे. तो मनगटाला विळखा घालतो ते मायेने, असे मानण्यास पुरावा नाही. मनगट उबदार असते याला भरपूर आहे. शिवाय श्रोता बराच वेळ झोपलेला असण्याची शक्यताही नाकारता येत नाही.

डोळे दुधी झाले की हा श्रोता बिळात शिरतो, अन्न नाकारतो, हात जवळ गेल्यास फूत्कारतो. पालकाला वाटते, रुसला. वस्तुतः त्याला नीट दिसत नसते. लपणे हेच ज्याचे मुख्य संरक्षण, त्या प्राण्याला अंधुक दिसत असताना वरून एक मोठा हात येताना जाणवतो. त्या काळात त्याला उचलू नये, खायला देऊ नये, नुसते असू द्यावे.

कात अडण्याचे सर्वांत सामान्य कारण कोरडी हवा हे आहे. जंगलात हा साप उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत राहतो, जिथे जमिनीची ओल टिकून असते. अमेरिकेतल्या हिवाळ्यात घर तापवणारे यंत्र सुरू झाले की आत वाळवंट होते. सापाला एरवी ५५ ते ६० टक्के आणि कातीच्या वेळी ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते, म्हणून घरातला ह्युमिडिफायर काचपेटीजवळ हलतो आणि माणसांच्या टाचांना भेगा पडतात. अपुरे पाणी, चुकीचे तापमान, अंगावरचे माइट्स, जुन्या जखमांचे व्रण आणि आजारपण ही इतर कारणे. कात तुकड्यातुकड्यांनी निघाली वा अंगावर चिकटून राहिली, तर ती अडली असे समजावे.

पहिला उपाय ओलसर बीळ. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्याला साप सहज शिरेल एवढे भोक पाडून, कडा गुळगुळीत करून, आत पाण्यात भिजवून पिळलेले शेवाळ ठेवावे. पिल्लासाठी श्रीखंडाचा मोठा रिकामा डबा चालतो आणि तो न धुता जपून ठेवण्याची परंपरा नसेल, तर वासही येत नाही. दुसरा उपाय कोमट पाणी. हवेला भोके असलेल्या टबात २८ ते ३० अंश सेल्सिअसचे, सापाच्या अंगाच्या निम्म्या जाडीइतकेच पाणी घेऊन वीस-तीस मिनिटे ठेवावे आणि तेवढा वेळ समोरून हलू नये. तिसरा उपाय ओला टॉवेल. तो सैल धरून सापाला त्यातून स्वतःच सरकू द्यावे. सुटलेली कात टॉवेलला लागून राहते. जे सहज निघत नाही ते त्या दिवशी तसेच ठेवून दुसऱ्या दिवशी हेच पुन्हा करावे. फोनवरून दूध पाजण्याचा आणि खोबरेल तेल चोळण्याचा सल्ला येतो. दूध सापाचे अन्न नाही आणि अडलेल्या कातीला हवी असते ती पाण्याची ओल.

या उपचारातला सर्वांत धोकादायक भाग म्हणजे पालकाची नखे. सुटलेले टोक दिसले की ते ओढावेसे वाटते. कोरडी कात ओढल्यास खालची अपुरी तयार झालेली त्वचाही तिच्याबरोबर येते. डोळ्यावर राहिलेला जुना खवला तर चिमट्याने, चिकटपट्टीने किंवा बोटाने कधीही काढू नये. त्याखालच्या डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. तरीही सापाला घट्ट धरून कात सोलण्याचे व्हिडिओ संगीतासह फिरतात आणि पाहणाऱ्यांना समाधान मिळते. सापाला काय मिळते, हे कोणी विचारत नाही. तो ओरडत नाही, एवढे त्यांना पुरते. उपकार केल्याचा आनंद हवा असलेल्या माणसाने झाडांना पाणी घालावे.

कात निघाल्यावर ती उलगडून तपासावी. डोळ्यांचे दोन्ही खवले आणि शेपटीचे टोक तीत असले पाहिजे. शेपटीवर राहिलेले जुन्या कातीचे कडे आवळत जाऊन रक्तपुरवठा थांबवते आणि टोक गळून पडू शकते, म्हणून ते भिजवून सोडवणे टाळू नये. कातीची लांबी मात्र कोणाला सांगू नये. खवल्यांमधली त्वचा ताणली गेल्याने ती सापाहून बरीच लांब भरते. कातीवरून मोजणाऱ्या पालकाचा साप नेहमीच शेजाऱ्याच्या सापाहून मोठा असतो.

दोन काती होऊनही डोळ्यावरचा खवला न निघाल्यास, शेपटीचे टोक काळपट झाल्यास, माइट्स वा जखम दिसल्यास सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जावे. एखादी कात अडली तर ओल पुरते. दर वेळी अडत असेल, तर पेटीतली हवा, तापमान आणि पाणी तपासावे आणि तेही ठीक असतील, तर साप आजारी आहे असे धरून चालावे.