कोयता मोजला, पोर राहिलं

ऊसतोडीच्या मुकादमाचा हिशेब पक्का असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एका कोयत्याला इतकी उचल, आणि ती फिटेपर्यंत फड सोडायचा नाही. कारखान्याचा काटा उसाची गाडी किलोपर्यंत मोजून पावती देतो. कोयत्याबरोबर आलेलं पोर मात्र यातल्या कुठल्याच वहीत नसतं.

मागच्या हंगामात एका फडावर बीडकडची नऊ वर्षांची पोरगी भेटली. आईबाप पहाटेच तोडीला गेलेले. कडेवर धाकटा भाऊ, चुलीवर भाकरी, कोपीच्या बांबूला दप्तर टांगलेलं. ‘‘कितवीत गं?’’

‘‘गावाकडं चौथीत हाय. हितं कशातच नाही.’’

पुस्तक उघडून पाहिलं. दिवाळीपर्यंतच्या पानांवर पेन्सिलीच्या खुणा, पुढची पानं कोरी करकरीत. ती गावी परतेल तेव्हा वर्ष सरत आलेलं असेल, आणि जूनमध्ये अर्ध्या चौथीवर पाचवी सुरू होईल.

कायदा नाही असं कुणी म्हणू नये. 2009चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010पासून लागू आहे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारी त्याच्या कलम 9ने स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, म्हणून प्रवेश अडवता येत नाही. गावाकडची हंगामी वसतिगृहं हा खरा चांगला उपाय, पण ती गाड्या निघायच्या आत उघडली पाहिजेत. दिवाळीनंतर मंजुरी आली तर पोरं केव्हाच ट्रॅक्टरवर बसून गेलेली असतात.

कारखान्याला गाळप परवाना साखर आयुक्त देतात. शेतकऱ्यांची एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, थकली की तो अडवलाही जातो, आणि अडवायलाच हवा. मग त्याच परवान्यात आणखी एक अट घाला: टोळी उतरल्यापासून आठ दिवसांत पोरांची यादी जवळच्या शाळेत पोचली पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी परवाना नाही. उसाचं टिपरू मोजणाऱ्यांना पोरं मोजणं जड जाणार नाही.

त्या फडापासून शाळा दीड किलोमीटरवर होती. ती कुठं आहे, हे त्या पोरीला कुणी सांगितलंच नव्हतं.