डावीकडची सीट

राहुरीत कुणी थांबत नाही याचा दोष मी राहुरीला देत नाही, नवऱ्यांना देतो. शिर्डी उरकून शिंगणापूरला निघालेल्या जोडप्याच्या लेखी राहुरी म्हणजे डावीकडे वळायची खूण. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येतो, डावीकडच्या सीटवरून ‘इथे जरा थांबायचं का?’ असं निघतं आणि उजवीकडून ठरलेलं उत्तर येतं, ‘पुढे थांबू.’ हे ‘पुढे’ महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं पर्यटनस्थळ असावं. तिथे चहा फक्कड मिळतो, बाथरूम स्वच्छ असतं, गाडीला झाडाची सावली असते, आणि आजवर तिथे एकही जोडपं पोचलेलं नाही. माझं म्हणणं असं, की नवराबायकोच्या प्रवासात बघणारं माणूस एकच असतं आणि ते डावीकडे बसलेलं असतं. उजवीकडचा गृहस्थ नुसता पोचत असतो. पत्नीला वामांगी म्हणणाऱ्यांना मोटार माहीत नव्हती, पण गाडीतली तिची जागा त्यांनी बरोबर हेरून ठेवली होती. (अमेरिकेतल्या मराठी मंडळींची यात पंचाईत होते. तिकडे स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे बायको उजव्या हाताला येते आणि दर शनिवारी-रविवारी गाडीत सत्यनारायणाला बसल्यासारखं वाटतं.)

नवऱ्याला दिसत का नाही, याचं कारण नगर-मनमाड रस्त्यावरचे खड्डे असं सांगितलं जातं. ते मला मान्य नाही. खड्डे नवऱ्याला दिसतात. किंबहुना तेवढेच दिसतात. खरा अडथळा त्याच्या डोक्यात आगाऊ भरून ठेवलेल्या माहितीचा आहे. माझी जात या माहिती देणाऱ्या नवऱ्यांची, म्हणून अधिकाराने बोलतो. नगरजवळ शहा डोंगरावरची ती तीन मजली अष्टकोनी इमारत लांबून दिसली की डावीकडून कौतुकाने येतं, ‘तो बघ चांदबिबीचा महाल!’ झालं, आमच्या अंगात वारं शिरतं. तो महाल नव्हे, कबर; चांदबिबीची नव्हे, सलाबतखानाची; हा सलाबतखान मुर्तझा निजामशहाचा वजीर; चांदबिबी १५९५-९६ मध्ये मोगलांशी झुंजली ती खालच्या किल्ल्यातून. यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. पण एवढं सांगून होईपर्यंत डोंगर मागे गेलेला असतो आणि गाडीत इमारतीऐवजी शांतता पसरलेली असते. गंमत अशी, की ती कबर कुणाची हे शोधणं नगरकरांना काही अवघड नव्हतं. तरी वजिराच्या थडग्याला त्यांनी लढणाऱ्या बाईचं नाव दिलं आणि ते टिकवलं. त्यांची चूक दुरुस्त करण्यात आमची हयात जाते, आणि डोंगरावरून खाली नगर कसं दिसतं ते बघायचं राहून जातं.

पुरावा हवा असेल तर तो राहुरीतच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई हे जोडपं काही काळ या गावात राहून गेलं. टिळक प्रतिभावान कवी होते आणि घरातून कधी उठून चालू लागतील याचा नेम नव्हता. राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हातात बायबल ठेवलं आणि त्यातून पुढे १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या डब्यात शेजारी लक्ष्मीबाई असत्या तर साहेबाला आधी त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागली असती आणि राजनांदगाव बहुधा त्याआधीच आलं असतं. लक्ष्मीबाई त्या निर्णयापर्यंत स्वतःच्या पायांनी आल्या, त्याला आणखी पाचेक वर्षं लागली. आता हिशेब बघा. टिळकांनी देव, देश, फुलं, मुलं यांवर कविता लिहिल्या. पण ते कुठून कुठे गेले, जाताना काय विसरले, मागे राहिलेल्या माणसांनी ते दिवस कसे काढले, हे आज आपल्याला माहीत आहे ते १९३४ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने ते सांगितलं, आणि सांगताना नवऱ्यावर रागही काढला नाही आणि त्याला सोडलंही नाही. ‘ख्रिस्तायन’ टिळकांच्या हातून अपुरं राहिलं, तेही पुढे लक्ष्मीबाईंनीच नेलं. उजवीकडच्याने मध्येच सोडलेली गाडी डावीकडच्या बाईने पुढे नेल्याचं याहून ठळक उदाहरण मराठीत मला तरी आठवत नाही.

यावर तालुक्यातूनच आक्षेप येईल, की ताहराबादचे महिपती पुरुष होते आणि १७६२ मध्ये ‘भक्तविजय’, १७७४ मध्ये ‘भक्तलीलामृत’ लिहून त्यांनी सगळ्या संतांची चरित्रं जागच्या जागी बसून गोळा केली. मग बघणं बायकांचंच कसं? आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्याच बाजूने पडतो. महिपती कुलकर्णी होते. पूजेला बसलेले असताना जहागीरदाराचं बोलावणं आलं, पूजा अर्धी टाकून जावं लागलं, आणि परत आल्यावर त्यांनी सरकारी लेखणी देवापुढे ठेवून दिली, अशी कथा सांगतात. कुलकर्ण्याची लेखणी हे त्या काळचं स्टिअरिंगच. ते सोडलं, डावीकडे सरकून बसले, आणि मग त्यांना दुसऱ्यांचे प्रवास दिसू लागले. म्हणून तर संत विठ्ठलाकडे बघत असताना घरात पीठ नाही हे बघणारी बाईही त्यांच्या ग्रंथांत सापडते. मुद्दा मिशांचा नाही, सीटचा आहे. नेवाशाचंही तेच. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली तो खांब बघायला आम्ही जातो आणि सन, शके, ओव्यांची संख्या असं सगळं सांगून टाकतो. पण ती लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा लेखनिक झाले ते कसे? कथा अशी, की ते मरण पावले होते, सती निघालेल्या त्यांच्या बायकोने वाटेत ज्ञानेश्वरांना नमस्कार केला, तोंडून सौभाग्याचा आशीर्वाद निघाला आणि तो खरा करणं भाग पडलं. शेवटच्या प्रवासाला निघालेली ती बाई वाटेत थांबली म्हणून ज्ञानेश्वरीला लेखनिक मिळाला. तिने ‘पुढे थांबू’ म्हटलं असतं तर?

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे: हल्ली बायकाही गाडी चालवतात, चांगली चालवतात. चालवतात ना. पण तेव्हा नवरा डावीकडे बसून काय बघतो? तो क्लच बघतो, आरसा बघतो, पलीकडून येणाऱ्या एसटीचं अंतर मोजतो, आणि त्याचा उजवा पाय रिकाम्या जागेत ब्रेक दाबत राहतो. स्टिअरिंग हातातून गेलं तरी तोंडातून जात नाही. भरीला नकाशातली बाई ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा’ म्हणते आणि तिचं मात्र तो निमूट ऐकतो. तीच वाक्यरचना तोच माणूस घरच्या आवाजात ऐकून घेत नाही.

नगरच्या किल्ल्यात मात्र आमची बडबड बंद व्हायला हवी. तिथे आम्ही नेहरूंची खोली बघतो, १९४४ मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथे लिहिलं गेलं असं मोठ्याने सांगतो आणि बाहेर पडतो. त्याच इमारतीत मौलाना आझादही कैदेत होते. त्यांनी इथून लिहिलेली, कधीच टपालात न पडलेली पत्रं ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून पुढे पुस्तकात आली. त्यांत चहावर पानंच्या पानं आहेत, खोलीतल्या चिमण्यांवर आहेत. १९४३ च्या एप्रिलमध्ये कोलकात्यात त्यांची पत्नी झुलेखा बेगम वारल्या. आजार वाढल्याचं कळलं तेव्हा सरकारकडे काही विनंती करायची असेल तर पोचवतो, असं तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचवलं होतं. आझादांनी काहीही मागायचं नाही असं सांगितलं आणि रोजचा क्रम मोडू न देण्याची शिकस्त केली. तो क्रम पाळताना आत काय चाललं होतं तेही त्यांनीच लिहून ठेवलं आहे. स्टिअरिंग सुटलेला, कुठेही पोचायचं नसलेला, शेजारची जागा कायमची रिकामी झालेला माणूस. आणि त्याला चिमण्या इतक्या बारकाईने दिसल्या.

पण मला खरं सांगायचंय ते दायमाबादबद्दल. (माहिती देणाऱ्या नवऱ्यांना आवरायचा लेख आहे हे मला ठाऊक आहे. हे एवढंच सांगतो.) शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. प्रत्यक्ष गेलात तर टेकाड आणि बाभळी. पण १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना तिथे ब्राँझची चार शिल्पं सापडली: हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ. चारही मिळून वजन ६० किलोंच्या वर. ती हडप्पा काळाच्या अखेरची की नंतरची यावर विद्वानांचं अजून एकमत नाही, तो वाद मी सविस्तर सांगू शकतो, पण सांगत नाही. याची नोंद घ्यावी. रथच बघा. लांबी ४५ सेंटिमीटर. भरीव चाकं, पुढे दोन बैल, लांबलचक दांडी, आणि मागे उभा असलेला १६ सेंटिमीटरचा गडी. उभा आहे, बसलेला नाही. म्हणजे पोचायची घाई तेव्हापासूनची. त्याच्या बरोबर एक कुत्रासुद्धा आहे. बायको नाही. ओतकाम करणाऱ्याला बैलांची शिंगं जमली, दांडीचा बाक जमला, कुत्रा जमला, म्हणजे एक बाई जमली नसती असं म्हणवत नाही. ती घेतलीच नाही. परिणाम काय झाला? उत्खननं झाली, एकावर एक पाच संस्कृतींचे थर मोजले गेले, रथ खेळणं होता की पूजेतला यावर निबंध आले. पण हा माणूस कुठे निघाला होता, वाटेत कुठे थांबला, रस प्याला की नाही, हे सांगायला कुणी नाही. शेजारी कुणी असती तर चार हजार वर्षांनी का होईना, ‘स्मृतिचित्रां’सारखं काहीतरी हाती लागलं असतं. आता त्याच्याकडून कळते ती एकच गोष्ट: तो सरळ समोर बघत होता.

हा रथ बघायला नगर जिल्ह्यात यायची सोय नाही, मूळ शिल्पं केव्हाच संग्रहालयांत गेली. तरी तो चालताना बघायचा असेल तर गळिताचा हंगाम संपताना राहुरी फॅक्टरीच्या आसपास यावं. (फॅक्टरी हे आता वस्तीचंच नाव आहे, चिमणीतून धूर निघो न निघो, एसटी तिथे थांबते.) हंगामात या रस्त्यावर दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर आणि उसाच्या टायरगाड्या यांच्यामागे आमच्यासारख्यांची वातानुकूलित रांग लागते. आम्ही या सहलीला ‘दोघांचीच ट्रिप’ म्हणतो, फोटो टाकतो, आणि जगात असं आपणच प्रथम केलं अशा तोऱ्यात असतो. पाथर्डी, शेवगाव, बीडकडची हजारो जोडपी दर दिवाळीनंतर हीच दोघांची ट्रिप करतात. तिला त्यांच्याकडे नावही आहे. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. उचल मिळते ती कोयत्याला, हिशेब होतो तो कोयत्याचा. बायकोशिवाय आलेला गडी अर्धा कोयता. डावीकडच्या सीटची किंमत इतकी रोकड भाषेत मांडणारा दुसरा धंदा मला माहीत नाही. आणि त्या निम्म्या कोयत्याच्या नावावर वेगळा पैसा सहसा लागत नाही, हेही त्याच भाषेत लिहिलेलं आहे. पहाटे ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या, मग झोपडीवजा कोपीवर येऊन भाकरी. मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपून पट्टा पडला की परत.

परतीची टायरगाडी अशी असते: दोन बैल, शिंगांना उरलासुरला रंग. दांडीपाशी कासरा धरून गडी. मागे कोपीचे बांबू, चट्यांची गुंडाळी, पिठाचा डबा, काळा पडलेला तवा, टोपलीत कोंबडी. त्या सगळ्यावर पदर डोक्यावरून घेतलेली बाई मागे तोंड करून बसलेली, मांडीवर झोपलेलं पोर. गाडीच्या आखाला बांधलेला कुत्रा बैलांच्या चालीने चालतोय. मागची मोटार हॉर्न देते, पुन्हा देते. बाई मोटारीतल्या दोघांकडे बघते, सावकाश, आधी उजवीकडे आणि मग डावीकडे, आणि मान वळवून नवऱ्याला काहीतरी सांगते. गाडी कडेला होते. कुत्रा भुंकतो. आम्ही पुढे जातो.