धूर निघतोय ना? मग ठीक आहे!

लहान मूल खेळणं खेळून मोडतं. नायट्रो गाडी मात्र चांगला शिकलासवरलेला माणूस दुरुस्त करून मोडतो. त्याचं हत्यार म्हणजे चपट्या तोंडाचा छोटा स्क्रूड्रायव्हर, आणि निमित्त म्हणजे ‘अजून थोडी पळाली असती’ ही भावना.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही (ते सुखी आहेत), त्यांच्यासाठी सांगतो. ही रिमोटवर चालणारी हातभर लांबीची गाडी. हिच्या पोटात बॅटरीवरची मोटर नसते, खरंखुरं टू-स्ट्रोक इंजिन असतं. मुठीत मावेल एवढं, बहुतेक गाड्यांत दोन ते साडेतीन सीसीचं, आणि फिरतं मिनिटाला 30,000 च्या आसपास. पेट्रोल तिला चालत नाही. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असं तिहेरी मिश्रण लागतं. पेट्रोलपंपावरचा आकडा बघून सरकारला नावं ठेवणारा माणूस या डब्याची किंमत ऐकून नुसताच खाली बसतो.

माझ्या भाच्याने अशी गाडी घेतली आणि मी या वाटेने आधी गेलेलो असल्यामुळे माझा फोन वाजू लागला.

“मामा, सुरूच होत नाहीये.”

“ग्लो प्लग तापतोय का?”

“तो कसा कळणार?”

“बाहेर काढ, इग्नायटर लाव, आतली तार लालभडक होते का बघ.”

“नाही होत.”

“मग इंजिनाने काय उदबत्तीवर पेट घ्यायचा?”

या इंजिनात ठिणगी पडतच नाही. प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचं बारीक वेटोळं असतं. सुरुवातीला त्याला दीड व्होल्टचा इग्नायटर लावून तापवायचं. एकदा इंजिन चालू झालं की इग्नायटर काढून घ्यायचा. मग आतली उष्णता आणि प्लॅटिनमशी होणारी मिथेनॉलची रासायनिक क्रिया यांच्या जोरावर तार तापलेलीच राहते. फार हुशार रचना आहे. फक्त हा प्लग जाताना नोटीस देत नाही. म्हणून गाडी रुसली की पहिला संशय त्याच्यावर घ्यावा.

दुसरा फोन इंजिन सुरू करायची दोरी ओढली जात नसल्याचा होता. तेही रास्तच. बहुतेक अशा इंजिनांच्या पिस्टनला रिंगा नसतात. सिलिंडरची नळी वरच्या टोकाला किंचित निमुळती असते आणि थंड असताना पिस्टन तिथे गच्च बसतो. इंजिन तापलं की नळी फुगते आणि सगळं मोकळं फिरतं. नवीन इंजिन वर जाताना चक्क कुईं करतं. तेव्हा दोरीशी कुस्ती खेळायची नाही, आधी इंजिनाचं डोकं गरम करायचं. हे मी सांगितलं आणि संध्याकाळी ताईचा फोन आला.

“माझा हेअर ड्रायर गाडीला लावायला तू सांगितलंस?”

“अगं, इंजिन थंड होतं.”

“माझे केस ओले होते!”

पहिल्या काही टाक्या ही गाडी पळवायची नसते, फिरवायची असते. मिक्स्चर रिच ठेवायचं, म्हणजे इंधन जास्त आणि हवा कमी. टाकी संपली की इंजिन गार होऊ द्यायचं, आणि गार होताना पिस्टन खाली आणून ठेवायचा, म्हणजे आकसणाऱ्या नळीत तो अडकून बसत नाही. हा काळ कंटाळवाणा असतो. गाडी अडखळते, तेल थुंकते, ढिम्म पळत नाही. नेमका इथेच स्क्रूड्रायव्हर खुणावू लागतो.

कार्ब्युरेटरवर मुख्य सुया दोन: एक हाय स्पीडची, एक लो स्पीडची. शिवाय इंजिन जागच्या जागी किती वेगाने चालावं, हे ठरवणारा आयडलचा स्क्रू. सुई उजवीकडे फिरवली की मिक्स्चर लीन, डावीकडे फिरवली की रिच. भाच्याने एका रविवारी सुई उजवीकडे अर्धा फेरा फिरवली. गाडी अशी सुटली की सोसायटीतली पोरं टाळ्या वाजवायला लागली. आवाज बारीक आणि सुरेल, धुराचं नाव नाही. तळमजल्यावरचे काका म्हणाले, “आत्ता कुठे नीट झाली. परवा केवढा धूर! मी म्हटलं, हिची पीयूसी केली आहे का?”

तिसऱ्या चकरेला गाडी थांबली ती थांबलीच.

हिशोब साधा आहे. या इंजिनाला वेगळं ऑइल नसतं, जे काही तेल मिळतं ते इंधनातूनच. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. इंधन तोडलं की तेलही तुटतं, आणि तेवढ्यात उष्णता मात्र वाढते. इंजिन सगळ्यात गोड गातं ते मरायच्या जरासं आधी. पूर्ण वेगात मागे निळसर धुराची रेघ दिसली पाहिजे. पीयूसीचं नंतर बघू.

म्हणून सुई फिरवायची ती इंजिन पूर्ण तापल्यावर, एका वेळी फेऱ्याच्या आठव्या भागाइतकीच, आधी हाय स्पीडची आणि मग लो स्पीडची. प्रत्येक वेळी गाडी दोन-तीन चकरा पळवून बघायची. मूळ सेटिंग वहीत लिहून ठेवायचं. तापमान साधारण 100 ते 120 अंश सेल्सियसच्या मध्ये असावं. कोरोनात कपाळावर धरायला घेतलेली गन इथे चालत नाही. ती माणसाच्या तापाची, शंभरच्या इंजिनापुढे हात टेकते. औद्योगिक कामाची गन घ्या, नाहीतर तव्यावर टाकतो तसा पाण्याचा थेंब इंजिनाच्या डोक्यावर टाका. दोन-तीन सेकंद चुरचुरून उडाला तर ठीक. पडताक्षणी नाहीसा झाला, तर सुई डावीकडे.

हवेप्रमाणेही हिची मर्जी फिरते. मे महिन्यात जुळवलेली सुई डिसेंबरच्या पहाटे लीन पडते, कारण थंड हवा दाट असते. तीच मुंबईची गाडी महाबळेश्वरला नेली, तर विरळ हवेत रिच होऊन फुरफुरते. पण सुईला दोष देण्याआधी इंधनाची नळी चिरली आहे का, टाकीचं झाकण नीट बसतंय का आणि सायलेन्सरचा जोड गळतोय का, हे बघा. टाकीला दाब सायलेन्सरकडूनच मिळतो, त्यामुळे गळती तिकडे आणि बोंब इकडे, असा प्रकार होतो. एअर फिल्टरचा फोम धुऊन, त्याला तेल लावूनच बसवा. आपल्याकडच्या मैदानावरची धूळ आत गेली, तर आठवड्याभरात नवं इंजिन शोधावं लागेल.

दोन गोष्टींत मात्र थट्टा नाही. मिथेनॉल विषारी आहे आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत दिसत नाही. ते पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका, स्वयंपाकघराजवळ तर नकोच. आणि आधी रिमोट चालू करायचा, मग गाडी. बंद करताना उलट. नाहीतर गाडी स्वतःच्या मताने निघते.

मिथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ओलीला तोटा नाही. खेळ संपला की टाकी रिकामी करा, उरलंसुरलं इंधन इंजिन चालवून जाळा, आफ्टर-रन ऑइलचे थेंब आत सोडा आणि दोरी दोन-चारदा ओढा. हे न करणाऱ्यांची बेअरिंगं गणपतीपर्यंत गंजतात.

एवढा व्याप नको असेल, तर बॅटरीवरची गाडी घ्या. ती झकास पळते आणि घरात कोणाचा ड्रायरही मागत नाही. ज्यांना नायट्रोच हवी, त्यांनी गाडीबरोबर त्याच दिवशी चार ग्लो प्लग जास्तीचे घ्यावेत. रविवारी संध्याकाळी ते कुठेही मिळत नाहीत.