थांबा, उतरंल!

गुळाचा रवा पुढ्यात आला की तात्या आधी त्याच्याकडे बघत नाहीत. बोटाने टकटक करून ऐकतात. मग कोपऱ्याचा खडा मोडतात, चिमटीत चुरून कण बघतात, चिमूटभर जिभेवर ठेवतात आणि डोळे मिटतात. डोळे उघडतात ते भाव बोलतच. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात अडत करण्यात त्यांची हयात गेली. आजोबांची पेढी शाहूपुरीत. शाहू महाराजांनी ही व्यापारपेठ १८९५ साली वसवली आणि तात्यांच्या सांगण्याचा सूर असा असतो, की त्या वेळी महाराज आजोबांना विचारूनच पुढे गेले. असा माणूस गुळात फसत नाही. पण २०२५ च्या दसऱ्याला या माणसापुढे कॉम्प्युटर घ्यायचा प्रसंग आला.

मी त्यांचा करसल्लागार. काळा कोट मी आयुष्यात घातलेला नाही, पण जो सरकारी कागद भरतो तो तात्यांच्या लेखी ‘वकील’. त्यामुळे रिटर्नखेरीज जावयाचा स्वभाव, बोअरची मोटर आणि कॉम्प्युटर ही खातीही माझ्याकडे आहेत.

कॉम्प्युटरबाबत तात्यांचं धोरण दोन शब्दांचं. ‘थांबा, उतरंल!’ आणि गंमत म्हणजे आजवर ते खरं ठरत आलं. शेजारच्या पेढीने १९९६ साली पाऊण लाख मोजून कॉम्प्युटर आणला, पेढे वाटले. तात्या दोन वर्षं थांबले आणि त्याहून तेज मशीन निम्म्या पैशात घेऊन आले. शेजारी अजून तात्यांसमोर कॉम्प्युटरचं नाव काढत नाही. मग ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री जगातले सगळे कॉम्प्युटर गोंधळणार अशी हाकाटी झाली. लोकांनी खर्च केले. तात्या थांबले. एक जानेवारीला त्यांचा कॉम्प्युटर नेहमीइतक्याच सावकाश सुरू झाला. विंडोज एक्सपी ८ एप्रिल २०१४ ला संपणार होतं, तेव्हाही थांबले. विंडोज सेव्हन १४ जानेवारी २०२० ला संपलं, तेव्हाही. भाव मात्र दर वेळी उतरलेलेच.

पण याच कारणाने तात्यांच्या मनात कॉम्प्युटरबद्दल आदर नव्हता.

“ज्या मालाला तेजी म्हाईत न्हाई, त्यो कसला माल, वकील?” ते म्हणत. “गूळ पडतोय, पर उठतोय बी. सोनं बगा. हुपरीची चांदी बगा. ह्यो गडी आपला जल्मल्यापास्नं उतरतोयच.”

दसरा झाला आणि तात्यांच्या धाकट्या मुलाने विषय काढला. विंडोज टेन १४ ऑक्टोबरला संपतंय.

“संपतंय म्हंजे? खटकन बंद?”

“न्हाई. चालतंय. पर कंपनी बघणार न्हाई त्याच्याकडं.”

“मंग पेन्शनीत गेलंय म्हन की. पेन्शनीतली मान्सं लई वर्सं चालत्यात.”

धाकट्याने समजावलं, की व्हायरस शिरला तर दुरुस्ती येणार नाही. विंडोज इलेव्हन घालावं, तर त्याला टीपीएम नावाची सुरक्षेची सोय लागते, तीही २.० दर्जाची, आणि प्रोसेसर ठरावीक पिढीच्या पुढचा लागतो. आपल्या मशीनमध्ये दोन्ही नाही.

“पिढी? कितवी?”

“इंटेलची आठवी तरी पायजे.”

“आमची अडतीतली तिसरी. आमाला कोन काय इचारत न्हाई.”

मग माझ्याकडे मोर्चा वळला. नुकतंच, २२ सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेदिवशी जीएसटीचे दर बदलले होते. तात्यांची खात्री, की आता कॉम्प्युटर उतरणार. मी सांगितलं, की मोठे टीव्ही आणि एसी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आले, पण कॉम्प्युटर आधीपासूनच अठरावर आहे आणि तिथेच राहिला. तात्या बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मंग पेढीवर टीव्हीच लावायचा काय?”

सल्लागारांना तोटा नव्हता. पुण्याच्या हिंजवडीतला भाचा फोनवरून म्हणाला, मॅक घ्या मामा. त्यावर हिशेबाचं टॅली सरळ चालत नाही हे कळल्यावर भाचा मामांच्या नजरेतून उतरला. एका प्राध्यापकांनी लिनक्स सुचवलं. सी-डॅकने ‘बॉस’ नावाचं आपलं देशी लिनक्स काढलंय, पैसे पडत नाहीत, असं ते कौतुकाने सांगत होते. ‘फुकट’ हा शब्द कानावर पडताच तात्यांनी चहा मागवला. त्यांच्याकडे चहा येतो तो बैठक संपली म्हणून. प्राध्यापक गेल्यावर म्हणाले, “आपनहून फुकट देतोय म्हंजे माल दमट आसनार.”

शेवटी आम्ही राजारामपुरीतल्या एका दुकानात गेलो. दुकानातल्या पोराने आमचं वय न बघता सगळ्यात झगमगीत मशीन पुढे ठेवलं. काचेची कड, आत तीन पंखे, पंख्यांत निळे-जांभळे-हिरवे दिवे. तात्यांनी डोळे बारीक केले. गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून काही लोक काहिलीत हायड्रॉस पावडर टाकतात. त्या रंगाला दूरचं गिऱ्हाईक भुलतं, तात्या नाही. “पावडर मारलीय,” ते मला हळूच म्हणाले आणि पुढे सरकले. साध्या काळ्या डब्यापाशी थांबून त्यांनी बोटाने टकटक केलं, कान लावला.

“ह्यो रिकामा वाजतोय.”

“आत एसएसडी हाय काका, हार्ड डिस्क न्हाई. म्हणून हलका वाटतोय.”

“हलका हाय आन् महाग बी हाय?”

पोरगा मुळात चांगला. त्याने न कंटाळता सांगितलं, की जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, हिच्यात फिरणारं काही नसतं, म्हणून मशीन पटकन उठतं. पेढीच्या कामाला आय थ्री बास झाला, रॅम मात्र आठऐवजी सोळा जीबीची घ्या, दहा वर्षं बघायला नको. माझ्या मते त्या महिनाभरात मिळालेला हा एकमेव शहाणपणाचा सल्ला. तात्यांनी उपरण्याचं टोक पोराच्या हातावर टाकलं आणि खालून त्याची बोटं दाबली. रुमालाखाली बोटांवर भाव करायची रीत बाजारातून कधीच गेली, पण मोठी खरेदी म्हटली की तात्यांचा हात आपोआप तिकडे जातो. पोरगा दचकला. त्याला वाटलं, काकांना चक्कर आली. त्याने पाणी आणलं.

पाणी पिऊन तात्या म्हणाले, “थांबा, उतरंल.” आणि आम्ही परतलो.

सॉफ्टवेअरचा प्रश्न तर याहून अवघड, कारण ते टकटक करून बघता येत नाही. टॅली एकाच मशीनवर चालवायचं तर सिल्व्हर आणि साऱ्या पेढीत चालवायचं तर गोल्ड, असं मी सांगितलं. तात्यांनी आधी हुपरीच्या चांदीचा आणि मग गुजरीतल्या सोन्याचा त्या दिवसाचा भाव विचारला. सॉफ्टवेअरच्या किमतीशी त्याचा मेळ लागेना. “वजन किती भरतंय?” त्यांनी विचारलं. वजन नाही म्हटल्यावर म्हणाले, “मंग तोलाई कशावर लावायची?”

मध्यंतरी त्यांनी परस्पर एक प्रयोग करून पाहिला होता. परवाना न घेता टॅली शिकण्यापुरतं चालवता येतं, हे दिवाणजींनी कुठूनसं ऐकलं. चालतं, पण त्यात महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांच्या आणि शेवटच्या दिवसाच्याच तारखा टाकता येतात. रिटर्न भरायला मी वह्या उघडल्या तर महिन्याचा सगळा गूळ तीन दिवसांत आलेला आणि विकलेला. मधले सत्तावीस दिवस यार्डात सामसूम. मी डोक्याला हात लावला. तात्या म्हणाले, “गूळ त्योच हाय, पैसं त्येच हाईत. तारकंचं एवडं काय?” त्याच आठवड्यात मी त्यांना सिल्व्हर घ्यायला लावलं. पावती त्यांनी अजून देव्हाऱ्यापाशी ठेवली आहे. एवढे पैसे देऊन हाती आलेली दिसणारी वस्तू तेवढीच.

नवा कॉम्प्युटर म्हणजे नुसता डबा बदलणं नव्हे, हे या टप्प्यावर बाहेर आलं. शेतकऱ्याला द्यायची पट्टी मराठीत लागते. त्यासाठी तात्यांनी पूर्वी कुणालाही न विचारता ‘शिवाजी’ नावाचा फॉन्ट निवडला होता. दुसरं नाव वाचलंच नव्हतं. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसला, की शेतकऱ्याच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा चिवडा दिसतो. धाकटा म्हणाला, आता सगळं युनिकोडमध्ये करायचं, मंगल फॉन्टमध्ये.

“म्हाराज काढून मंगळ बशिवतोस?” तात्या कडाडले. “थोरलीच्या लग्नात एका मंगळानं किती दमवलं, इसरलास?”

प्रिंटरचं त्रांगडं वेगळंच. पेढीवरचा डॉट मॅट्रिक्स रुंद खोबणीच्या जुन्या केबलवर चालतो, आणि नव्या मशीनला ती खोबण नाही. लेझर घ्या म्हणावं, तर लेझर कार्बन कॉपी काढत नाही. पट्टीच्या तीन प्रती एका दणक्यात निघायला सुईच आपटावी लागते. या मुद्द्यावर तात्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. मात्र त्यांचं खरं कारण वेगळंच होतं. डॉट मॅट्रिक्स वाजला की यार्डातल्या चार पेढ्यांना कळतं, तात्यांकडे पट्टी निघाली. “त्यो लेझर चोरावानी कागद काडतोय. धंदा चाललाय का बंद हाय, मान्साला कळाय नगो?”

उरला बॅकअप. धाकटा म्हणाला, हिशेब क्लाऊडवर ठेवू.

“कुटं?”

“क्लाऊडवर. म्हंजे ढग, पर तसं न्हवं...”

तात्यांनी त्याला पुढे बोलू दिलं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने त्रेचाळीस फुटांची धोका पातळी मागे टाकली आणि ती थांबेचना. तेव्हा शाहूपुरीतल्या घरात पाणी शिरलं. पेढीचा जुना कॉम्प्युटर घरी, जमिनीवर होता. दिवाणजींनी आधी लाल चोपड्या माळ्यावर नेल्या, मग देव, मग लोणच्याच्या बरण्या. कॉम्प्युटरची पाळी येईपर्यंत पाणी त्याच्या गळ्याशी आलेलं. चोपड्या वाचल्या, लोणचं वाचलं, कॉम्प्युटर गेला.

“ढगानंच बुडिवलं,” तात्या म्हणाले, “आन् आता त्याच्याच घरात हिशेब ठिवायचा?”

चौदा तारीख आली नि गेली. विंडोज टेनला वर्षभराची मुदतवाढ मिळते हे तात्यांना कळलं. “म्हंजे सोसायटीत कर्जाचं नवं-जुनं करत्यात तसं,” ते म्हणाले आणि कधी नव्हे ते कंपनीवर खूश झाले. थांबायला हक्काचं वर्ष मिळालं. बावीस ऑक्टोबरच्या पाडव्याला मुहूर्ताचा सौदा निघाला, वहीपूजन झालं आणि चोपडीच्या शेजारी जुन्या कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लागलं. आजवरच्या पाडव्यांचं कुंकू त्याच्या जाळीतून आत गेलेलं आहे. शिवाय गुळाच्या पेढीवरचा कॉम्प्युटर असल्याने आत मुंग्यांची वसाहत. एकदा दुरुस्तीवाल्याने तो उघडला आणि घाबरून आधी नमस्कार केला.

डिसेंबरात तो मुंग्यांसकट बसला. उठेना. तात्या, धाकटा आणि मी पुन्हा राजारामपुरीत. तोच पोरगा, तोच काळा डबा. भाव ऐकून तात्यांनी कानावर हात ठेवून पुन्हा विचारलं. चढला होता.

“काका, रॅम दुप्पट झालीय,” पोरगा म्हणाला. “जगातच टंचाई हाय. एआयवाल्यांनी मोठमोठी डेटा सेंटर बांधायला काढलीत, सगळा माल तिकडं चाललाय. मायक्रॉननं तर किरकोळ गिऱ्हाइकाचा ‘क्रुशल’ ब्रँडच बंद करणार म्हणून सांगितलंय.”

मला वाटलं, आता म्हातारा खचणार. एवढ्या वर्षांचं सूत्र भर दुकानात तोंडावर पडलं होतं. तात्या मात्र हळूहळू ताठ होत गेले. डोळ्यांत, सौद्याची घंटा झाल्यावर येते, ती चमक आली.

“म्हंजे घाऊक गिऱ्हाईक उतारलंय,” ते म्हणाले. “किरकोळीला माल सोडंनात. आमच्याकडं गुजरातची मागणी आली की अस्संच हुतंय. तयार करनारं किती जन हाईत?”

“मोठे तिघंच.”

“तिघं?” तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. “वकील, ह्यो माल हाय. आदी का न्हाई सांगितलंसा?”

त्यांनी काळा डबा घेतला, आठ जीबीचा. डॉट मॅट्रिक्ससाठी जोडवायर घेतली. आणि वर रॅमच्या चार पट्ट्या घेतल्या, सुट्या. त्यातली एक काउंटरवर टकटक करून ऐकली. ती जिभेकडे जाणार एवढ्यात धाकट्याने हात धरला.

“चार कशात लावायच्या, काका?” पोराने विचारलं.

“लावायच्या कशाला? ठिवायच्यात.”

नवा कॉम्प्युटर पेढीवर चालू आहे. टॅली, ब्राउझर आणि जीएसटीचं पोर्टल एकदम उघडलं की आठ जीबीत तो धापा टाकतो. दिवाणजी चहा पिऊन येतात तेव्हा कुठे पान उघडतं. सोळा जीबी केली तर पळेल, हे धाकटा रोज सांगतो. रॅम हाताच्या अंतरावर आहे, तिजोरीत, लाल चोपडीशेजारी. दर सोमवारी तात्या दुकानात फोन करून भाव विचारतात आणि पाटीवर गुळाच्या दराखाली खडूने लिहितात.

परवा मीही म्हणालो, “तात्या, निदान एक पट्टी तरी काढा.”

“थांबा,” तात्या म्हणाले. “चढंल.”