दीपप्रज्वलन, पंखा आणि वाचनसंस्कृती

ग्रंथ, वाचक आणि सेवक या तीन घटकांवर ग्रंथालय उभे असते, असे ग्रंथालयशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. परंतु मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी जाऊन पाहणाऱ्या अभ्यासकाला ही यादी लवकरच अपुरी वाटू लागते, कारण तेथे ग्रंथालयाचा भार खुर्च्या, ध्वनिक्षेपक, समई आणि थोर पुरुषांच्या तसबिरी यांनीही तितक्याच निष्ठेने पेललेला दिसतो. ही सामग्री ज्या कारणाने लागते त्याला ग्रंथालयाच्या भाषेत 'उपक्रम' किंवा 'कार्यक्रम' म्हणतात. ज्यात ग्रंथाविषयी बोलले जाते, ग्रंथाला हळदकुंकू वाहिले जाते, ग्रंथ भेट दिला जातो, थोडक्यात वाचण्याखेरीज ग्रंथाचे जे जे करता येते ते सर्व केले जाते, असा दीड ते तीन तासांचा समारंभ म्हणजे ग्रंथालयीन कार्यक्रम, अशी त्याची कामचलाऊ व्याख्या करता येईल.

या विषयाच्या अभ्यासासाठी परभणी जिल्हा निवडण्यास सबळ कारण आहे. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे वचन या जिल्ह्यात इतक्या आत्मविश्वासाने उच्चारले जाते की त्याचा पुरावा मागणे असभ्यपणाचे ठरते, तरी ग्रंथालयांपुरता पुरावा उपलब्ध आहे: परभणीचे गणेश वाचनालय 1901 मध्ये स्थापन झाले आणि जर्मनांचे लाइपझिग येथील राष्ट्रीय ग्रंथसंग्रहालय 1912 मध्ये, म्हणजे या एका बाबतीत तरी जर्मनीलाच परभणीच्या मागून यावे लागले. त्यानंतरच्या काळात दोहोंच्या ग्रंथसंख्येत काही तफावत पडली, हे मान्य करून पुढे जाणे सोयीचे. पुढील विवेचन मात्र कोणत्याही एका वाचनालयाला उद्देशून नाही. जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांत कोणालाही ते आपल्याच गावाचे वाटेल आणि प्रत्येक जण ते शेजारच्या तालुक्याचे असल्याचे सांगेल, अशा प्रातिनिधिक संस्थेचे ते वर्णन आहे.

येथील वाचनालयांचा कार्यक्रमांकडे असलेला ओढा समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. हा जिल्हा ज्यात मोडत होता त्या निजामाच्या राज्यात 1929च्या सुमारास 'गश्ती निशाण 53' या नावाने ओळखले जाणारे परिपत्रक निघाले आणि सार्वजनिक सभेसाठी सरकारी परवानगी घेणे बंधनकारक झाले. चार माणसांनी एकत्र बसून बोलणे जेथे संशयास्पद ठरते, तेथे चार माणसांनी एकत्र बसून वर्तमानपत्र वाचणे हा त्यातल्या त्यात सभ्य मार्ग उरतो; त्यामुळे हैदराबाद संस्थानात वाचनालये जागृतीची केंद्रे बनली आणि वाचनाच्या निमित्ताने माणसे जमू लागली. पुढे 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान मुक्त झाले, सभांवरील बंधने गेली, पण बसण्याची सवय राहिली. फरक एवढाच पडला की पूर्वी वाचनाच्या नावाखाली सभा होत असे आणि आता सभेच्या नावाखाली वाचन झाल्याची नोंद होते.

ही नोंद कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, 1967 मध्ये सापडते. या कायद्याने शासनमान्य ग्रंथालयांना अनुदानाचा मार्ग खुला केला. मात्र काही अन्य राज्यांप्रमाणे ग्रंथालयांसाठी स्वतंत्र कर बसवला नाही, त्यामुळे ग्रंथालयाचा जीव अनुदानाच्या हप्त्यात अडकला. ग्रंथालयांचे अ, ब, क आणि ड असे वर्ग पाडण्यात आले असून 'ड' हा त्यांतील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या पाटीचा वर्ग होय. या वर्गाला अनेक वर्षे वर्षाकाठी 30,000 रुपये मिळत आणि त्यातील निम्मी रक्कम वेतनासाठी धरली, तर ग्रंथपालाच्या वाट्याला महिन्याला 1,250 रुपये येत. पुढे अनुदानात 60 टक्के वाढ झाल्याने हा आकडा 2,000 वर गेला. या मोबदल्यात ग्रंथपालाने पुस्तके लावावीत, दाखल नोंदवही म्हणजे प्रत्येक ग्रंथाची जन्मनोंद ठेवावी, देवघेव पाहावी, केर काढावा, माइक तपासावा आणि वर वाचनसंस्कृतीची चिंता वाहावी, अशी समाजाची अपेक्षा असते. शेवटचे काम अध्यक्ष वाटून घेतात.

तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याला वाचन दाखवता येत नाही, कारण वाचणारा माणूस आणि बसल्या जागी डुलकी लागलेला माणूस यांच्या छायाचित्रांत फरक करणे कठीण असते; कार्यक्रम मात्र दाखवता येतो. त्यामुळे वर्षाचे पंचांग कार्यक्रमांनी भरून जाते. 27 फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन, 23 एप्रिलला जागतिक पुस्तक दिन, 12 ऑगस्टला ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांच्या स्मरणार्थ ग्रंथपाल दिन, 15 ऑक्टोबरला डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन, आणि या खांबांच्या मधल्या जागेत जयंत्या व पुण्यतिथ्या. यांपैकी वाचन प्रेरणा दिन 2015 पासून साजरा होतो व त्यात सामूहिक वाचन अपेक्षित असते. तथापि वाचनाचे महत्त्व सांगणारी भाषणे इतकी सविस्तर होतात की प्रत्यक्ष वाचनाची वेळ येईपर्यंत शाळेची घंटा झालेली असते आणि मुले उघडलेली पुस्तके मिटून रांगेत निघून जातात. जयंतीच्या दिवशी कपाटातून संबंधित तसबीर काढली जाते, तिच्यावरील धूळ पुसली जाते आणि मागच्या थोर पुरुषाच्या गळ्यातील हार तिला घातला जातो. हार प्लास्टिकच्या फुलांचा असल्याने त्याच्या ठायी जात, पंथ किंवा विचारसरणी यांचा भेद नसतो, आणि सामाजिक समतेचे इतके निर्विवाद उदाहरण वाचनालयाच्या समाजशास्त्र विभागातही सापडत नाही.

कार्यक्रमाचा सर्वांत नाजूक भाग दीपप्रज्वलन हा होय. परभणीचे हवामान टोकाचे आहे: डिसेंबर 2018 मध्ये येथील किमान तापमान 2 अंशांपर्यंत उतरले होते आणि एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान 44 अंशांच्या घरात जाणे हे बातमीलायकही मानले जात नाही. अशा उन्हाळ्यात सभागृहातील छताचा पंखा आणि व्यासपीठावरील समई यांच्यात मूलभूत हितविरोध निर्माण होतो, कारण पंखा चालू असेल तर वात टिकत नाही आणि पंखा बंद केला तर श्रोता टिकत नाही. परंपरेने हा पेच समईच्या बाजूने सोडवला आहे. 'पंखा बंद करा' अशी सूचना व्यासपीठावरून येते, बटणाजवळ बसलेला सदस्य नेमका दिव्याचे बटण दाबतो, अंधार होतो, पुन्हा उजेड होतो, मग पंखा थांबतो. त्यानंतर पाच मान्यवर एका मेणबत्तीला आळीपाळीने हात लावतात, छायाचित्रकाराच्या समाधानासाठी पाचवी वात दोनदा पेटवली जाते, आणि घामाने डबडबलेल्या प्रमुख पाहुण्यांनी ज्ञानाच्या प्रकाशाविषयी पहिले वाक्य उच्चारताच कोणीतरी दयाळू मनुष्य पंखा सुरू करतो व समई विझते. समई विझल्याचे सर्वांना दिसते आणि त्याविषयी कोणीच बोलत नाही. मौन पाळण्याची ही एकच संधी संपूर्ण कार्यक्रमात निष्ठेने घेतली जाते.

यापुढे सत्कार. पूर्वी शाल आणि श्रीफळ दिले जाई; आता पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक देण्याची प्रथा पडली असून ती स्तुत्य आहे, यात शंका नाही. मात्र तिचे अर्थशास्त्र पाहण्यासारखे आहे. सत्कारात मिळालेले पुस्तक पाहुणे मोठ्या मनाने तेथल्या तेथे वाचनालयाला भेट देतात, टाळ्या पडतात, पुस्तक कपाटात जाते आणि पुढच्या सत्काराला चकचकीत कागदात बाहेर येते. अशा रीतीने वर्षभरात ते तहसीलदार, प्राचार्य, डॉक्टर आणि दोन कवी यांच्या हातांतून फिरते. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच सिद्धान्तांपैकी तिसरा सिद्धान्त प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असे सांगतो. या ग्रंथाला वाचक मिळत नाही, परंतु सत्कारमूर्ती इतके मिळतात की देवघेवीचा विक्रम त्याच्याच नावावर जमा व्हावा.

श्रोत्यांचे वर्गीकरण दशांश पद्धतीने करण्याची गरज पडत नाही, कारण ते मोजकेच असतात आणि दर वेळी तेच असतात. पहिल्या रांगेत निवृत्त शिक्षक बसतात आणि व्याख्यानानंतर त्यांतील एक गुरुजी 'छोटासा प्रश्न' विचारण्यास उभे राहतात. हा प्रश्न व्याख्यानाला पुरवणी म्हणून छापता येईल इतका भरीव असतो आणि त्यात प्रश्नचिन्ह कोठे आहे याचा शोध वक्ता अखेरपर्यंत घेत राहतो. मागे खिशात घडी केलेला कागद बाळगणारे कवी असतात. 1995 मध्ये नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवणाऱ्या, बी. रघुनाथांसारख्या लेखकाने सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करीत ज्या जिल्ह्यात लिहिले आणि ज्या जिल्ह्याच्या आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'ला 2016चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला त्या परभणी जिल्ह्यात कवींची वाण पडण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु सर्वांत अभ्यासनीय श्रोता म्हणजे केवळ वर्तमानपत्र वाचण्यास आलेला गृहस्थ. तो नेहमीच्या वेळी नेहमीच्या बाकावर बसलेला असतो, त्याच्याभोवती सतरंजी अंथरली जाते, फलक लागतो, पाहुणे येतात, आणि आतील पान उघडेपर्यंत तो कार्यक्रमाच्या मध्यभागी सापडलेला असतो. मग उठणे अपमानकारक आणि वाचणे उद्धटपणाचे, अशा कोंडीत तो वर्तमानपत्र गुडघ्यावर ठेवून टाळ्या वाजवतो. त्याला कोणी निमंत्रण दिलेले नसते, आणि उपस्थितीच्या वहीत पहिली सही त्याचीच घेतली जाते.

हळदीकुंकवाला वाण म्हणून पुस्तक देण्याचा उपक्रम, वर्षातून एकदा ग्रंथांना पालखीतून गावची हवा दाखवणारी ग्रंथदिंडी आणि कूलरच्या आशेने गर्दी खेचणारे उन्हाळी बालवाचक शिबिर यांचा येथे केवळ नामोल्लेख पुरेसा आहे. दिवाळी अंक योजना मात्र सविस्तर विचारास पात्र आहे. का. र. मित्र यांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून ज्या परंपरेचा पाया घातला, तिच्यावर तालुक्याच्या वाचनालयाची आर्थिक घडी बरीचशी टिकून आहे, कारण सभासद नेहमीच्या वर्गणीखेरीज स्वतंत्र शुल्क भरून हे अंक घरी नेतात. या योजनेला समारंभ लागत नाही, समई लागत नाही, अध्यक्षही लागत नाहीत. तरीही नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात गावातील माणसे एकमेकांशी जितकी बोलतात तितकी एरवी बोलत नाहीत, आणि ते बोलणे प्रामुख्याने 'अंक कोणाकडे अडकला आहे' या विषयावर असते. अंकाचा प्रवास त्याच्या अंगावर वाचता येतो: पहिल्या वाचकाने शब्दकोडे बॉलपेनने सोडवलेले असते, दुसऱ्याने त्यातील चुका दुरुस्त केलेल्या असतात, तिसऱ्याने दुरुस्तीवर आक्षेप नोंदवलेला असतो आणि चौथ्या घरी पोहोचेपर्यंत राशिभविष्याचे एक पान नाहीसे झालेले असते, ज्यावरून कोणत्या राशीला यंदा चांगले दिवस आहेत याचा अंदाज बांधता येतो. साहित्यविषयक इतकी सलग, लेखी आणि निर्भीड चर्चा कोणत्याही परिसंवादात आढळलेली नाही. परंतु तिचे छायाचित्र निघत नसल्याने वार्षिक अहवालात ती 'दिवाळी अंक खरेदी' या खर्चाच्या ओळीत दडून राहते.

हीच गत अभ्यासिकेची. अभ्यासिका म्हणजे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांना बसण्यासाठी दिलेली खोली. लोकसेवा आयोग, पोलीस भरती, तलाठी, शिक्षक अभियोग्यता अशा परीक्षांसाठी खेड्यांतून आलेली ही मुले-मुली सकाळी कुलूप उघडण्यापूर्वी दाराशी उभी असतात आणि रात्री दिवे मालवण्यासाठी ग्रंथपालाला त्यांना अक्षरशः विनंती करावी लागते. ती वाचनालयाच्या कपाटाला हात लावत नाहीत, कारण त्यांची पुस्तके त्यांच्या पिशवीत असतात. त्यांना हवी असते खुर्ची, उजेड, पंखा आणि मोबाइलसाठी विजेची एक जागा. त्यामुळे देवघेवीच्या वहीत त्यांचे अस्तित्व शून्य असते, आणि दिवसातले दहा तास वाचणारा हा वर्ग वाचकांच्या आकडेवारीत कोठेच दिसत नाही.

अभ्यासिका आणि सभागृह यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी प्लायवूडची भिंत असते, आणि व्याख्यानमालेच्या दिवशी या भिंतीचे महत्त्व लक्षात येते. व्याख्यानाचा विषय ठरलेला असतो: 'वाचनसंस्कृतीचा ऱ्हास आणि आजची तरुण पिढी'. वक्ता आजचा तरुण पुस्तक हातात धरत नाही असे सांगताना आवाज चढवतो, ध्वनिक्षेपक तो आवाज दुप्पट करतो, आणि नेमक्या त्याच क्षणी पलीकडून एक चिठ्ठी येते की आतमध्ये चाळीस जण वाचत आहेत, रविवारी पेपर आहे, तरी माइकचा आवाज कृपया थोडा कमी करावा. अध्यक्ष चिठ्ठी वाचतात, ती सूत्रसंचालकाकडे देतात, सूत्रसंचालक ती ग्रंथपालाकडे देतो, ग्रंथपाल आवाज कमी करतो आणि मागच्या रांगेतून 'ऐकू येत नाही' अशी तक्रार येताच पुन्हा वाढवतो. आभारप्रदर्शनानंतर शिपाई रजेवर असल्याचे आठवते, तेव्हा त्याच चाळीस जणांना बाहेर बोलावून त्यांच्याकडून खुर्च्या उचलून घेतल्या जातात. ती मुले खुर्च्या जागेवर लावतात आणि त्यांतील सहा बऱ्यापैकी खुर्च्या मुकाट्याने अभ्यासिकेत सरकवतात. रात्री ग्रंथपाल अहवाल लिहितो तेव्हा उपस्थितीच्या रकान्यात पस्तीस श्रोत्यांपुढे हे चाळीस युवकही धरतो, आणि नियमांच्या कठोर कसोटीवरही ही नोंद खोटी ठरवता येत नाही, कारण व्याख्यानातील प्रत्येक शब्द त्यांना ऐकावा लागलेला असतो.