बसा गाडीत!

शिराळ्याच्या प्रत्येक गल्लीत एक तरी तात्या असतो. कुठं त्याला आण्णा म्हणतात, कुठं आप्पा, पण असामी तीच. वय साठीच्या पुढं, पांढरा नेहरू शर्ट, लिहायचं काही नसताना खिशाला दोन पेनं, आणि दारात सात आसनांची गाडी, जिच्या पुढच्या काचेवर देवाचं नाव आणि मागच्या काचेवर नातवंडांची. शिमगा सरला, पाडव्याची गुढी उतरली, पोरांचे पेपर आटपत आले की या माणसाच्या अंगात काहीतरी शिरतं. एरवी देवळाच्या कट्ट्यापलीकडं न जाणारा हा गृहस्थ सकाळी चहाची बशी खाली ठेवता ठेवता फर्मान काढतो, "चला, बसा गाडीत!"

कुठं, ते सांगत नाही. सांगितलं की त्याचा कार्यक्रम होतो, आणि आमच्या गल्लीतल्या तात्यांना कार्यक्रमाचा मनापासून तिटकारा. त्याला कारण आहे. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या शेती खात्यात गेली, चिटबॉय म्हणून. कुणाची लागण, कुणाचा खोडवा, नोंद कधीची, टोळी कुठल्या शिवारात घालायची, हा सगळा हिशेब त्यांच्याकडं. पहाटे तोंडात दातवण असताना शेतकरी दारात उभा राहायचा, "तात्या, आमची तोड कधी?" आणि तात्या चूळ भरून म्हणायचे, "येतीया की दोन दिसात." त्या दोन दिसांत उसाला तुरे फुटायचे. निवृत्त झाल्यावर तारखेशी असलेला संबंध त्यांनी साफ तोडला. आता शेतकऱ्यांच्या जागी घरातली माणसं आहेत. कुठं जायचं, मुक्काम आहे का, परत कधी, काहीही विचारा. उत्तर ठरलेलं, "कळंल की!"

लहानसहान सहलींना तर निमित्तही लागत नाही. डिझेल कमी असलं की गुढे-पाचगणीच्या पठारावर पवनचक्क्या बघायला. पोरं किरकिर करायला लागली की रसवंतीला, तिथं आल्या-लिंबाचा रस, आणि "बर्फ कमी घाल रं, रस वाढीव" ही सूचना. चैत्र पौर्णिमेची यात्रा उलगडली की मग जोतिबा. यात्रेत जात नाहीत, गर्दी आवडत नाही म्हणून. पण डोंगरावर गुलाल तेवढाच असतो, त्यामुळं गाडीची सिटं पार मृगाचा पाऊस पडेपर्यंत गुलाबी राहतात आणि मागं बसणाऱ्याचं धोतर-पातळही.

एवढं फिरणारा माणूस चांदोलीला मात्र गेलेला नाही. आमच्याच तालुक्यातलं जंगल, ३१७ चौरस किलोमीटरचं, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, २०१० मध्ये कोयनेच्या अभयारण्यासकट सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. पण तिथं आत शिरायला परवानगी लागते. "उठून सरळ जाता येत न्हाई ते जंगल कसलं?" हा तात्यांचा सवाल. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोबाहून एक वाघीण तिथं आणली. वरपासून खालपर्यंत मंजुऱ्या, पिंजरा, सोबत डॉक्टर, वनखात्याचा ताफा, असा तिचा प्रवास झाला. पेपरात ते वाचून तात्यांना तिची खरोखर कीव आली. "बिचारीला कुणी नुसतं 'बस गाडीत' म्हटलं न्हाई," असं म्हणाले.

आता खरी गोष्ट सांगतो. ही सहल अचानक असते ती फक्त तात्यांना. काकूंना ती तीन दिवस आधी कळलेली असते. तात्या येता-जाता टायरला लाथ मारून हवा बघायला लागतात, आठवड्यात दुसऱ्यांदा दाढी करतात, आणि संध्याकाळी ओसरीच्या कोपऱ्यात जाऊन कुणाला तरी फोनवर विचारतात, "घरीच हाय न्हवं?" काकू यातलं काही पाहिलंय असं दाखवत नाहीत. त्या फक्त कांदा चिरायला घेतात आणि धपाट्याचं पीठ भिजवतात.

आणि पलंगाखालची पिशवी पुढं ओढतात. ही पिशवी मी जवळून पाहिली आहे. तपकिरी रेक्झिनची, कुठल्याशा वार्षिक सभेत सभासदांना वाटलेली. चेन एका बाजूनं गेलेली, तिथं मोठी सेफ्टी पिन. आत दोन पंचे, एक चादर, ओव्याची बाटली, आमसुलं, गाडी लागणाऱ्यांसाठी घडी घालून ठेवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरी, मिठाची पुडी, शेंगदाण्याची चटणी, तात्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, आणि तळाशी बिस्किटांचे चार पुडे. हे पुडे आपल्या पोरांसाठी नसतात. ज्या घरी जाऊन थडकणार तिथल्या पोरांच्या हातावर ठेवायला असतात. सूनबाईनं अलीकडं त्यात पॉवर बँकेची भर घातली. वर्षातून एकदा दिवाळीच्या आधी पिशवी उन्हात उलटी करून वाळवतात, तेवढीच तिची रजा.

तात्यांना ही पिशवी आपोआप उगवते असं वाटतं. पेठ नाक्यावर गाडी उभी करून, हातावर धपाटं आणि त्यावर खर्डा घेऊन ते सगळ्यांना सांगतात, "बगा, काय तयारी केली न्हाई, नुसतं उठलो आणि निघालो! नियोजन करणाऱ्यांचं हुतंय का असं?" काकू तेव्हा दुसरं धपाटं काढत असतात.

लॉज हा शब्द त्यांच्या कोशात नाही. त्याची गरजही नाही, कारण शिराळ्याच्या माणसाकडं जी ठेव असते ती दुसऱ्या गावाकडं नाही. श्रावणातल्या नागपंचमीला आमच्या गावात पाय ठेवायला जागा नसते. वन्यजीव कायदा आणि उच्च न्यायालयाचा आदेश यांनी जिवंत नाग धरण्या-मिरवण्याला चाप लावला. पाहुण्यांना चाप लावणारा आदेश अजून निघालेला नाही. नाग बघायला म्हणून यायला लागलेली माणसं आता नाग नसला तरी येतात. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून घरोघरी पुरणाची दिंडं उकडतात, आणि तात्यांच्या सोप्यात सकाळपासून पंगती उठतात. कोण आला, कुणाला घेऊन आला, किती दिंडं रिचवली, हे सगळं तात्यांच्या डोक्यात नोंदलं जातं, लागणीच्या नोंदीसारखं. चैत्र-वैशाखात त्याची वसुली निघते.

अशा एका वसुलीला मीही होतो. मागल्या मे महिन्यात गाडीत एक जागा शिल्लक दिसली आणि मी दारात उभा दिसलो. रिकामी जागा नेणं हा तात्यांच्या लेखी गुन्हा, त्यामुळं मला चप्पल घालायला तेवढी सवड मिळाली. पुढं धाकटा चालवायला, शेजारी तात्या सांगायला. मागं काकू, सूनबाई, घरची दोन आणि पुण्याहून सुटीला आलेली दोन नातवंडं, आणि मी. सात आसनांत नऊ. गाडी वेशीपर्यंत गेली आणि समर्थांच्या मारुतीपाशी थांबली. सगळे पाया पडून आले तोवर तात्यांच्या मनात बेत झाला होता. आज अकरा मारुती!

रामदासस्वामींनी स्थापलेले हे अकरा मारुती सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत विखुरलेले. पहिला शहापूरचा, शके १५६६ मधला. शेवटचा आमचा शिराळ्याचा, शके १५७६ मधला. सूनबाईनं फोनवर बघून हे सांगितलं तसे तात्या खुलले. "म्हंजे समर्थांना धा वर्सं लागली. आपुन दिवस मावळायच्या आत उरकू. त्यांनी जितं शेवट केला, तितनं आपुन सुरवात!"

इस्लामपूर, म्हणजे आता सरकारदरबारी ईश्वरपूर, तिथून बहे. कृष्णेच्या पात्रातल्या रामलिंग बेटावरचा मारुती. पोरं पाण्यात शिरली ती तासाभरानं निघाली. कराडहून तासवड्याचा टोलनाका नको म्हणून मसूरच्या रस्त्याला लागलो, तर वाटेत शहापूर. तिथल्या मारुतीची मूर्ती चुन्याची. पुण्याच्या नातवानं शंका काढली, "आजोबा, चुन्याचा आहे तर इतक्या वर्षांत गळून कसा नाही पडला?" तात्या क्षणभरही न थांबता म्हणाले, "समर्थांचा चुना हाय त्यो, कंत्राटदाराचा न्हवं." मला वाटतं, स्थापत्यशास्त्रावर याहून नेमकं भाष्य मी ऐकलेलं नाही. मसूरचाही चुन्याचाच, म्हणून तो लवकर झाला.

उंब्रजला मारुतीच्या आधी पाहुणे लागले. नागपंचमीची चार दिंडं. दारात गाडी थांबली, एकामागून एक माणसं उतरायला लागली, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून घरच्या बाईंचे ओठ हलताना मला दिसले. त्या मोजत होत्या. पाचापर्यंत हसू होतं. सातानंतर खिडकी रिकामी झाली आणि आतून कुकर उतरवून मोठं पातेलं चढवल्याचा आवाज आला. तात्या सोप्यात मांडी ठोकून ओरडले, "वैनी, काय न्हाई करायचं हां! नुसतं पिठलं-भाकरी!" नऊ माणसांचं 'नुसतं' पिठलं-भाकरी म्हणजे भर वैशाखात तव्यापुढं अठरा भाकरी. ज्यांनी कधी एकही थापली नाही त्यांनाच हे 'नुसतं' सुचतं. काकू कुणाला काही न बोलता पिशवी घेऊन आत गेल्या. उरलेली धपाटी पानात आली, खर्डा आला, चटणी आली, आणि भाकरीची दुसरी परात दोघींनी मिळून संपवली. जेवणं झाल्यावर यजमान म्हणाले, "तात्या, असं अचानक येत जावा बरं का." त्यांच्या मागं उभ्या असलेल्या वैनींनी तेवढा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

मग उंब्रज, माजगाव, चाफळ. चाफळला दोन, एक रामापुढं हात जोडून, दुसरा देवळामागं. तात्यांना ही सोय फार पटली. "एका पार्किंगमदी दोन!" शिंगणवाडीच्या टेकडीवर खडीचा मारुती. काकूंनी खालूनच हात जोडले, पोरं पळत चढली, तात्या निम्म्यात बसले आणि तिथूनच नारळ कसा फोडायचा ते सांगत राहिले. नऊ झाले. उरले पारगाव आणि मनपाडळे, दोन्ही वारणेपलीकडं कोल्हापूर जिल्ह्यात, आणि दिवस कलायला लागलेला.

परतताना हायवेनं सरळ आलो असतो. पण तासवडे! म्हणून पुन्हा उंब्रज-मसूर-कराड. सूनबाईनं टोल किती आणि फेऱ्याचं डिझेल किती, याचा हिशेब मांडून मोठ्यानं वाचला. तात्या मागं वळून म्हणाले, "डिझेल आपलं असतंय पोरी, टोल दुसऱ्याचा." धाकट्यानं गिअर बदलला. पुढं पेठेच्या खाली किणीचाही नाका आहे, तो चुकवायचा तर शिराळ्यावरून मांगले, काखे, कोडोली करत पारगावला निघायचं, असा हुकूम झाला. म्हणजे वाटेत आपलंच गाव, आपलीच गल्ली. "घराकडं बगायचं न्हाई कुणी," तात्यांनी बजावलं. "घर दिसलं की सहल मोडती."

अंधार पडता पडता शिराळ्यात आलो. पोरं एकमेकांच्या अंगावर झोपलेली. मी खिडकीबाहेर बघायचं टाळत होतो. तेवढ्यात काकू बोलल्या. सकाळपासून त्यांनी स्वतःहून काढलेला हा पहिला शब्द असावा.

"मला हितं उतरवा. तुमी जावा म्होरं."

धाकट्यानं ब्रेक लावला. काकूंनी पायाशी असलेली पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली. तात्यांनी एकदा पुढच्या रस्त्याकडं पाहिलं, एकदा आरशात पिशवीकडं पाहिलं. थोडा वेळ इंजिन तसंच चालू राहिलं. मग म्हणाले, "ऱ्हायलेलं दोन उद्या करू. पोरं दमल्याती."

ते उद्या अजून उजाडायचं आहे. एका दिवसात अकरा करणारी माणसं पुष्कळ आहेत, ती पहाटे निघतात, रस्ता आधी ठरवतात आणि टोल भरतात. तात्याही कट्ट्यावर अकराच सांगतात. दोन पदरचे घालतात. मी मध्ये बोलत नाही, कारण त्यांच्या गाडीत माझी जागा पक्की झाली आहे आणि काकूंच्या धपाट्यांची मला सवय लागली आहे.

तेव्हा मारुतीच्या या वाटेवर, उंब्रज-मसूरच्या बाजूला किंवा वारणेपलीकडं तुमचं घर असेल आणि गेल्या नागपंचमीला तुम्ही शिराळ्यात दिंडं खाऊन गेला असाल, तर मे महिन्यात घरात ज्वारीचं पीठ जरा जादा दळून ठेवा.